मोबाइलवर बघून केलं आणि शुगर ५८ झाली, आता डॉक्टरांना कसं सांगू?

शिवणवाली_बार्शी
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार. दीड वर्षं इथलं नुसतं वाचते आहे, लिहितेय आज पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ४६, वजन ५१ किलो, उंची पाच फूट. घरीच ब्लाउज शिवते. तीन वर्षांपूर्वी पिशवीच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा शुगर निघाली. सकाळी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, अशा गोळ्या चालू आहेत. मार्चमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ८.४ आलं.

आमचे डॉक्टर हुशार आहेत, हाताला गुण आहे. पण गर्दी एवढी, की दोन तास बसावं तेव्हा आपल्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. मागच्या वर्षी मी विचारलं होतं, "मेथीचं पाणी घेतलं तर चालेल का, मी मोबाइलवर बघितलं." तर म्हणाले, "मोबाइल बघूनच औषध करायचं तर माझ्याकडे कशाला येता?" आत आणखी दोन पेशंट बसले होते, त्यातली एक माझी गिऱ्हाईक. मला मान वर करवेना. त्या दिवसापासून मी तिथं काही विचारत नाही. गोळ्या लिहून घेते, पैसे देते, येते.

आणि जे विचारायचं ते सगळं मोबाइलला विचारते. घरातले झोपले की अंथरुणात पडून बघत बसते. पायाला मुंग्या का येतात, आंबा एक फोड खाल्ला तर चालेल का, मेटफॉर्मिननं किडनी जाते हे खरं का. एक बघितलं की खाली दहा येतात. एकजण सांगतो गूळ चालतो, दुसरा सांगतो विष आहे. कुठं लिहिलंय जेवणाआधी साखर ४ ते ७ असावी. माझी तर १६०! ही कोणती साखर, ते काही कळत नाही. बघून बघून झोप उडते आणि सकाळी शुगर आणखी जास्त दिसते.

आता झालं ते सांगते. एका व्हिडिओत होतं, उपाशीपोटी कारल्याचा रस घ्या आणि दुपारी बारापर्यंत काही खाऊ नका. मी आठ दिवस केलं. सकाळची गोळी मात्र चुकवली नाही, कारण गोळी चुकवायची नाही हे पक्कं डोक्यात होतं. पाचव्या दिवशी उपाशी शुगर ११२ आली. इतका आनंद झाला की बहिणीला फोन करून सांगितलं.

आठव्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती, अकरा ब्लाउज द्यायचे होते. साडेअकराला हात थरथरायला लागले. वाटलं, रात्री जागले म्हणून असेल. सुईत दोरा जाईना. मग घाम असा सुटला की मांडीवरचं कापड ओलं झालं, आणि समोरचं सगळं दोन-दोन दिसायला लागलं. मुलगी अकरावीला आहे, ती घरी होती म्हणून बरं. तिनं शुगरचं मशीन लावलं, ५८. तिनं घाबरून देवासमोरचा पेढा माझ्या तोंडात कोंबला. मला बरं वाटायला अर्धा-पाऊण तास गेला असेल. दुपारी जेवून झोपले, उठले तेव्हा पुन्हा ७४.

रस बंद केला आहे. पण गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे आणि तोंड उघडायची भीती वाटते. सांगितलं तर सगळ्यांसमोर बोलतील. नाही सांगितलं तर पुन्हा तसंच होईल का? तुम्ही सगळे मोबाइलवर वाचताच ना? मग त्यातलं धरायचं काय आणि सोडायचं काय, ते कसं ठरवता? आणि मी एवढी बारीक असून मला हे झालंच कसं, याचं उत्तर कुणी देईल का? शेजारणी म्हणतात, तुझा रिपोर्ट चुकला असेल.


मेडिकलवाला_नाशिक
रविवार, रात्री ११:५८

ताई, पहिलं काम पहिलं. पुन्हा कधी थरथर, घाम, डोळ्यांपुढे दोन-दोन असं झालं आणि शुगर ७०च्या खाली दिसली, तर तीन चहाचे चमचे भरून साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यायची. मशीन हाताशी नसेल तरी प्यायची, तपासत बसायचं नाही. पंधरा मिनिटांनी तपासा. ७०च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी, बिस्किट, जे असेल ते खा. पेढा नको. त्यातल्या खव्याच्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणूनच तुम्हाला पाऊण तास लागला. मुलीनं जे सुचलं ते केलं, तिची काही चूक नाही. पण तिला हे आजच शिकवून ठेवा. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

आता का झालं ते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते. तुम्ही खाल्लंय की उपाशी आहात, हे तिला कळत नाही. म्हणून ती खाण्याबरोबर किंवा खाण्याच्या थोडं आधी घ्यायची असते. तुम्ही गोळी घेतली, वरून कारलं घेतलं, आणि बारापर्यंत पोटात काही नाही. कारल्यात साखर उतरवणारे घटक आहेत, फक्त एका पेल्यात किती, याचं माप नाही. या गोळीचा असर दिवसभर राहतो, म्हणून दुपारी पुन्हा ७४ दिसली. हे डॉक्टरांना कळणं फार गरजेचं आहे. बोलतील तर बोलू द्या, पण सांगा.

काउंटरवर रोज दोघं-तिघं मोबाइल पुढे करतात, "ही पावडर आहे का? शुगर मुळापासून जाते म्हणे." त्यांना मी एवढंच सांगतो, की आपल्याकडे १९५४ सालापासून कायदा आहे, ज्या आजारांवर खात्रीचा इलाज म्हणून जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत मधुमेह आहे. म्हणजे जो "मुळापासून" म्हणतो, तो तिथेच कायदा मोडतो आहे. त्याच्या पुढच्या वाक्यावर विश्वास कशाला ठेवायचा?

किडनीचं उद्या दुकान बंद केल्यावर लिहितो.


वहीवाला
सोमवार, सकाळी ६:१५

ताई, मी पोस्टातून निवृत्त, चिपळूणचा. वय ६७. शुगर १९ वर्षं, इन्सुलिन सहा वर्षं. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण मोबाइल बघून मीही मोठी चूक करून बसलो होतो आणि मीही ती लपवली होती.

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा टोचायचं कसं याची धास्ती होती. परदेशातल्या एका नर्सबाईचा व्हिडिओ सापडला. इतका छान समजावलेला, की मी तो वीस वेळा बघितला. तिच्या हातात नारिंगी टोपीची सिरिंज होती. मी दुकानात जाऊन तेच चित्र दाखवलं आणि नारिंगी टोपीचीच मागून घेतली. डॉक्टरांनी १६ युनिट सांगितले होते, मी १६ च्या रेघेपर्यंत भरायचो. अकरा दिवस झाले, शुगर २८०च्या खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवून २० केला, तरी तेच.

शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनं माझी पिशवी उघडून बघितली. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर लिहिलेलं असतं ४० आययू प्रति मिली. त्यांची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची १०० वाल्या इन्सुलिनसाठी असते. ४०च्या बाटलीतून १००च्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात जेमतेम साडेसहा युनिट. आणि उलट झालं असतं तर? १००चं इन्सुलिन लाल टोपीत १६ च्या रेघेपर्यंत भरलं तर ४० युनिट जातात. माणूस झोपेतच जायचा. त्या बाईंनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. त्यांचं इन्सुलिन वेगळं, माझी बाटली वेगळी, एवढंच.

तेव्हापासून मी दोनशे पानी वही केली आहे. मोबाइलवर काही पटलं की डाव्या पानावर उतरवतो. उजव्या पानावर लिहितो: हे सांगणारा कोण, तो कुठल्या देशातलं सांगतोय, ज्याला गुण आला तो कुठल्या गोळ्यांवर होता, आणि हा माणूस मला शेवटी काही विकतोय का. निम्म्याहून जास्त गोष्टी उजव्या पानावरच गळतात, कारण लिहायला उत्तरच सापडत नाही. उरतात त्या डॉक्टरांना विचारायच्या, पण एका खेपेला एकच. सगळं एकदम विचारलं की त्यांनाही सुचत नाही आणि आपल्यालाही.

विचारायचं कसं, तेही सांगतो. चिठ्ठी लिहायची. पोस्टातल्या माणसाचा कागदावर भरवसा जास्त, पण खरंच उपयोग होतो. चार ओळी, ठळक अक्षरात. कंपाउंडरकडे द्यायची, तो फाइलमध्ये वरच ठेवतो. डॉक्टर फाइल उघडतात ते चिठ्ठी वाचूनच. तुम्हाला चारचौघांत बोलावं लागत नाही. तुमची चिठ्ठी मी अशी लिहिली असती: "अमुक तारखेपासून आठ दिवस कारल्याचा रस घेतला, नाश्ता केला नाही, ग्लिमेपिराइड चालू ठेवली. आठव्या दिवशी साडेअकराला शुगर ५८, दुपारी ७४. आता रस बंद. गोळीचं काय करू?" यात मोबाइलचा उल्लेखच नाही. त्यांना काय घडलं ते कळायला हवं. कुठं बघितलं ते विचारलं तर सांगा.

आणखी एक, कारण तुम्ही सोलापूरकडच्या. ज्वारीची भाकरी कितीही खा, शुगर वाढत नाही, असं मोबाइलवर सगळीकडे लिहिलेलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची पुस्तिका आहे, २०१७ची, इंटरनेटवर मिळते. तीत शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सुमारे ६८ ग्रॅम आणि गव्हाच्या पिठात सुमारे ६४. मी स्वतःवर करून बघितलं. एका भाकरीनं दोन तासांनी माझी ११८ची १६४ झाली. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्या दिवशी १३१ची २२६. भाकरी चांगलीच, मी रोज खातो. पण एक.


शिवणवाली_बार्शी
सोमवार, दुपारी २:०५

काका, तुमचं वाचताना डोळ्यांत पाणी आलं. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसालाही झालं, हे कळून बरं वाटलं असं म्हणू नये, पण धीर आला. आमच्या घरी तीन वेळा भाकरीच असते आणि मी मोजतच नव्हते.

नाशिकचे दादा, मुलीला साखरपाणी करायला शिकवलं. तिनं वहीच्या पानावर लिहून फ्रिजला चिकटवलं पण.


सकाळची_टेकडी
सोमवार, रात्री ८:३०

मला वेगळं म्हणायचं आहे. इथे सगळे इंटरनेटला दोष देत आहेत. मला त्यानंच वाचवलं. पुण्यात असतो, वय ३८. दोन वर्षांपूर्वी वजन ९४, एचबीएवनसी ७.९. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू, आयुष्यभर चालेल. मी घरी येऊन वाचायला बसलो. दोनच वेळा जेवण, मधे काही नाही, रोज टेकडी. आज वजन ७८, एचबीएवनसी ५.८, गोळी बंद. दर तीन महिन्यांनी तपासतो. हे मला दवाखान्यात कुणीच सांगितलं नव्हतं, मी शोधलं म्हणून सापडलं. ताई, कारल्याचं सोडा, पण जेवणाच्या वेळा कमी करणं सोडू नका. आपण गोळीचे गुलाम नाही.


मेडिकलवाला_नाशिक
सोमवार, रात्री १०:१०

टेकडीवाले दादा, मनापासून अभिनंदन. सोळा किलो उतरवणं सोपं नाही. पण तुमची एकच गोळी, मेटफॉर्मिन, बरोबर ना? ती एकटी असताना उपाशी राहिलं तरी शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ताई ग्लिमेपिराइडवर आहेत. तुम्ही ९४ किलोचे होतात, त्या ५१च्या आहेत. सल्ला देणारा खरं बोलत असला तरी ऐकणारा वेगळ्या गोळीवर असतो. माझ्या दुकानात या एका कारणानं चक्कर येऊन बसलेली माणसं मी बघितली आहेत. ताईंनी नाश्ता सोडायचा नाही. गोळी बदलल्यावर काय ते डॉक्टरांना विचारून.

आता किडनी. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं चढलेल्या शुगरनं आणि रक्तदाबानं. किडनीचं काम आधीच कमी झालेलं असलं तर मेटफॉर्मिन अंगात साठू शकतं, म्हणून रिपोर्टमधला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ४५च्या खाली गेला की डोस कमी करतात आणि ३०च्या खाली गेला की बंद करतात. "किडनी बिघडली म्हणून गोळी थांबवली" हे वाक्य लोकांच्या तोंडी फिरत फिरत "गोळीनं किडनी बिघडली" असं झालं. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, म्हणजे रात्री मोबाइलला विचारायची वेळ येणार नाही.

मेटफॉर्मिननं कॅन्सर होतो असाही मेसेज फिरतो. त्याचं मूळ २०२० सालचं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला काही कंपन्यांच्या हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनच्या काही बॅचेसमध्ये एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी मर्यादेपेक्षा जास्त सापडली आणि त्या परत मागवल्या गेल्या. त्याच सूचनेत लिहिलं होतं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. मेसेजमध्ये पहिली ओळ आली, दुसरी गळाली. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका आजींनी चार महिने गोळी बंद ठेवली होती. कुणाला न सांगता. पायाची जखम चिघळल्यावर कळलं.


तिरफळ
मंगळवार, पहाटे ३:२०

मूळची मालवणची, चौदा वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला. मलाही टाइप टू आहे. ताईंचे दोन प्रश्न अजून तसेच राहिले आहेत, त्यांचं लिहिते.

ते "४ ते ७" म्हणजे आमच्याकडची साखर. इथे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. आमच्या आकड्याला १८नं गुणलं की तुमचा आकडा येतो. ४ म्हणजे ७२ आणि ७ म्हणजे १२६. तुमची १६० म्हणजे आमची ८.९. तेव्हा घाबरण्यासारखी चाळीसपट साखर नाही हो ती. एचबीएवनसीचंही तसंच. इथे आल्यावर माझा पहिला रिपोर्ट आला ६१, आणि मी ते टक्के समजून संध्याकाळभर रडले होते. ते ७.७ टक्के होतं. तुमचं ८.४ इथे ६८ असं छापलं असतं. मराठीत लिहिलेल्या कितीतरी लेखांत इंग्लंडच्या पानांवरून आकडे उचललेले असतात आणि एकक लिहायचं राहून जातं. आकड्यापुढे एकक नसेल तर ते पान तिथेच बंद करायचं, असं मी आईला सांगून ठेवलंय.

बारीक असून कसं झालं, याचं उत्तर तर पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबीची, विशेषतः पोटाभोवती. स्नायू कमी. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा १९९३पासून अभ्यास केला, तर आपल्याकडची बाळं जन्मतःच अशी असतात असं दिसलं. तुमचा बीएमआय साधारण २२ येतो. मोबाइलवरचं गणित त्याला "उत्तम" म्हणेल, कारण तिथली रेघ २५ला मारलेली असते. दक्षिण आशियातल्या लोकांसाठी इथेही धोका २३पासून धरतात. त्यामुळे तुमचा रिपोर्ट चुकलेला नाही, ताई. शेजारणींचं ऐकून गोळी सोडू नका. आणि दिवसभर मशीनवर बसणं आहे, तर तासातून एकदा उठून पाच मिनिटं चाला. पिंडऱ्या हलल्या की साखर वापरली जाते.

पुण्याच्या दादांना सांगते, तुम्ही केलंत ते खोटं नाही. स्कॉटलंडमध्ये आणि न्यूकॅसलच्या बाजूला 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१७ला निकाल आले. दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षानं शंभरातल्या ४६ जणांची शुगर गोळीशिवाय ताब्यात होती, दोन वर्षांनी ३६ जणांची. पण त्यात घेतलेल्या सगळ्यांचा बीएमआय २७च्या वर होता, आजार सहा वर्षांच्या आतला, आणि शुगरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी दवाखान्यानंच बंद केल्या होत्या. उपास आधी आणि गोळी तशीच, असं तिथं कुणीही केलं नव्हतं. मोबाइलवर हा अभ्यास सांगणारे ४६ सांगतात, ३६ सांगत नाहीत, आणि गोळ्यांचं तर कुणीच सांगत नाही. मला तो पूर्ण वाचायला तीन रात्री लागल्या.

वाचायचंच असेल तर इथल्या एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची पानं आणि अमेरिकेचं मेडलाइनप्लस, दोन्ही फुकट आहेत, काही विकत नाहीत. मुलगी अकरावीला आहे तर तिला सोबत घेऊन वाचा. फक्त एनएचएसच्या पानावर साखरेचा आकडा दिसला की १८ आठवा.


सकाळची_टेकडी
मंगळवार, सकाळी ९:०५

नाशिकचे काका, तिरफळताई, बरोबर आहे. माझी फक्त मेटफॉर्मिन होती आणि मी ती स्वतः बंद केली नव्हती, डॉक्टरांनी केली. हे मी लिहायला हवं होतं. आधी दोन गटांवर मी हाच सल्ला असाच टाकला आहे, आज जाऊन दुरुस्त करतो. ताई, माझं वाक्य मागे घेतो.


शिवणवाली_बार्शी
शनिवार, रात्री ९:५०

गुरुवारी जाऊन आले. चिठ्ठी काकांनी सांगितली तशीच लिहिली, शेवटी एक ओळ माझी घातली: "मागे सगळ्यांसमोर बोलल्यामुळे विचारायची भीती वाटते."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. आत बसलेल्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. मग थोडे चिडलेच. म्हणाले, "हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. रात्री झोपेत झालं असतं तर?" मी म्हटलं, म्हणून तर आलेय. त्यावर गप्प बसले. माफी वगैरे काही मागितली नाही, पण या वेळी पंधरा मिनिटं दिली. ग्लिमेपिराइड २ची १ केली आणि नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. भाकरी किती खाता, हे तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी एक म्हणाले, आणि ते खरं आहे, सोमवारपासून एकच खाते.

पायाच्या मुंग्यांचं सांगितलं तर पायाच्या तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून टेकवून बघितलं, कुठं कळतंय, कुठं नाही. सगळीकडे कळत होतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कधी कधी बी-१२ कमी होतं म्हणून तेही तपासलं. १६० आलं, कमी आहे म्हणे. इंजेक्शनं सुरू केली. तीन वर्षं मी रात्री-रात्री मुंग्यांचे व्हिडिओ बघत होते, गरम तेल चोळत होते. दवाखान्यात मात्र एकदाही बोलले नव्हते. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नाही.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी केली, असंही विचारलं. कधीच नाही. मला माहीतच नव्हतं, की नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा करायची असते. आज सकाळी करून आले. डोळ्यांत थेंब घालतात त्यानं चार-पाच तास जवळचं काहीच दिसत नाही, शिवणाऱ्या कुणाला जायचं असेल तर त्या दिवशी ऑर्डर घेऊ नका. पडदा चांगला आहे. दुपारी एकच ब्लाउज द्यायचा राहिला होता. मुलीनं दोरा ओवून दिला आणि काजं-बटणं तिनंच केली.

तिरफळताई, याज्ञिक डॉक्टरांचं मुलीनं शोधून दाखवलं. तो फोटो मी शेजारणीलाही दाखवला. तीपण माझ्यासारखीच बारीक आहे, तिला म्हटलं तूही एकदा तपास. सोमवारी जाणार आहे म्हणाली.

नाशिकचे दादा, एक विचारायचं होतं. ग्लुकोजचा पुडा मशीनच्या खणात ठेवलाय, पण आत्ताच दमट हवेनं त्याचा गोळा व्हायला लागलाय. गरजेच्या वेळी चमचा जाणार नाही अशी भीती वाटते. कशात ठेवू?


मेडिकलवाला_नाशिक
शनिवार, रात्री १०:०२

तीन-तीन चमच्यांच्या पुड्या बांधा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत टाका. एक डबी मशीनच्या खणात, एक उशाशी, एक बाहेर जाताना पर्समध्ये. शेजारी पाण्याची बाटली. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे मुलगी घरी नसली तरी जो कोणी येईल त्याला कळेल.